श्रीमती अगं आणि इतर पाच

४ जानेवारी

अगं,

वरच्या ओळीत आधी तुझे संपूर्ण नाव लिहिले होते. तुझे, माझे आणि आडनाव, या क्रमाने. मग खोडले. उभ्या आयुष्यात तुला नावाने हाक मारली नाही, ती आता लेखी मारणे औचित्याला धरून होणार नाही. तूही मला 'अहो'च्या पुढे कधी नेले नाहीस. सबब 'अगं'. त्यावरचा अनुस्वार असू दे. तुझ्या बाबतीत तेवढी सवलत मी पूर्वीपासून देत आलो आहे.

ही रोजनिशी केवळ माझ्यासाठी आहे. तुला उद्देशून लिहितो आहे ते निव्वळ लेखनाची सोय म्हणून. मी दुःखातून संपूर्णपणे बाहेर आलो आहे. सकाळी दोन कप चहा होतो, तो सवयीने नव्हे. पातेल्याचे माप तेवढे आहे म्हणून.

मुख्य मुद्दा. आज चहाचा डबा काढताना फळीवरच्या कागदाकडे लक्ष गेले. छापखान्यातून मी आणलेली रद्द प्रुफे तू फळ्यांवर अंथरायचीस. डब्याखाली ते क्रूझचे जहाज आहे. पांढरे, चार मजली, मागे निळे पाणी. डबा परत ठेवताना तू दर वेळी म्हणायचीस, "एकदा आपण बसू या हिच्यात." मी दर वेळी सांगायचो की जहाज नपुंसकलिंगी, म्हणून 'ह्याच्यात'. विषय तिथे मिटायचा.

निर्णय घेतला आहे. आपण जाणार, सहकुटुंब. 'आपण' हा शब्द विचारपूर्वक योजला आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो.

दुसरेही कारण आहे. कुटुंब एकत्र ठेवण्याचे खाते तुझ्याकडे होते. मुलगा दर रविवारी येतो असे मी लोकांना सांगतो. गेल्या महिन्यात तो एकदा आला, तोही पंख्याचा रेग्युलेटर बदलायला. तुझी थोरली बहीण, आक्का, तर त्यानंतर फिरकलेल्याच नाहीत. म्हणून सर्वांना चार दिवस अशा ठिकाणी ठेवायचे की जिथून कोणाला 'चला, निघतो आता' असे म्हणता येणार नाही. समुद्र त्या दृष्टीने उत्तम.

६ जानेवारी

छापखान्यात मालकांना बेत सांगितला. त्या क्रूझ कंपनीचे यंदाचे माहितीपत्रक आपल्याकडेच छापले. नोव्हेंबरात त्याची अंतिम प्रुफे मीच वाचली. तू गेलीस तोच आठवडा. मी एक दिवसही रजा घेतली नव्हती. डोळ्यांत तेल घालून वाचले.

कपाटातून माझी प्रत काढली. मालक घाईने म्हणाले, "साहेब, ती कशाला, कंपनीकडून नवी मागवून देतो." ऑपरेटर तर प्रत हातातून काढूनच घेऊ लागला. "काका, ही राहू द्या, डाग पडलाय हिच्यावर." प्रत स्वच्छ होती. मी सांगितले की मुद्रितशोधकाने वाचलेली प्रत तीच खरी प्रत. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. निर्दोष कामाबद्दल माणसांना अशी असूया वाटते.

जहाज सुटणार: २१ एप्रिल, सायंकाळी पाच.

११ जानेवारी

फोनवरून सर्वांना कळवले.

सूनबाई म्हणाली, "छान आहे बाबा! आम्ही जरा विचार करून सांगतो हं." मी विचारले, या 'आम्ही'त मी येतो का? ती म्हणाली, "अहो, तुम्हीच तर नेताय ना!" हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मुलगा म्हणाला, "बाबा, एप्रिलमध्ये रजा मागायची म्हणजे साहेबाला हार्ट अटॅक आणायचा." मी म्हणालो, आणावा. तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

नात, चिमणी, मागून ओरडत होती. तिचे मत अनुकूल दिसले.

आक्का म्हणाल्या, "भाऊजी, मला पाण्याची भीती वाटते, आणि तुमच्या व्याकरणाची त्याहून." नकार समजायचा का, विचारले. त्या म्हणाल्या, "विचारताय कशाला, तुम्ही काय ऐकणार आहात थोडेच?" होकार समजलो.

१९ जानेवारी

बुकिंगच्या ऑफिसात गेलो. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, तिचे धुराडे निखळून आत आडवे पडले आहे. कोणी उचललेले नाही. बॉलपेन सुतळीने टेबलाला बांधलेले. भिंतीवर पोस्टर: 'आपले हार्दीक स्वागत'. खिशातल्या हिरव्या पेनने 'दी' दुरुस्त करत होतो तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पेन खाली. खाली ठेवा आधी."

तिने विचारले, "आपण किती जण?"

तिचा 'आपण' आदरार्थी होता की सर्वसमावेशक, हे संदर्भावरून स्पष्ट होत नव्हते.

"सहा," म्हणालो.

परतताना सिग्नलला मोजले. मी, मुलगा, सूनबाई, चिमणी, आक्का. पुन्हा मोजले. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. पाच.

घरी येऊन शांतपणे विचार केला. प्रत्येक केबिनमध्ये दोघांची सोय. तीन केबिन म्हणजे सहा जागा. तेव्हा सहा हेच बरोबर. माझे गणित नेहमीच व्याकरणाच्या बरोबरीने चालत आले आहे.

संकल्प: १. पोहणे शिकणे. २. बोट लागू नये म्हणून सराव करणे. ३. कॅप्टनसोबतच्या भोजनासाठी गळ्यात बो बांधता येणे.

२५ जानेवारी

मुलगा आला होता. रविवार! रेग्युलेटर ठीक चालतो आहे, तरी आला.

म्हणाला, "बाबा, सहा कशा जागा? सहावं कोण?" मी केबिनचे गणित सांगितले. सहावी जागा सामानासाठी. सूनबाई त्याला हळूच म्हणाली, "असू दे रे."

मग चिमणीने टेबलावरचा बुकिंगचा अर्ज वाचून विचारले की सहाव्या जागेला खिडकी मागितली आहे हे खरे का. खरे आहे, मी म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, सामानाला खिडकी कशाला?"

आजकालच्या शाळांत मुलांना नको ते प्रश्न विचारायला शिकवतात.

१ फेब्रुवारी

पोहण्याच्या तलावावर गेलो. प्रशिक्षक तरुण आहे, छाती पुढे काढून चालतो. त्याला मी प्रथम श्वसनाची तत्त्वे विचारली, मग हातांच्या हालचालींची कारणमीमांसा. तो म्हणाला, "काका, सगळं सांगतो, पण आधी पाण्यात तर उतरा."

पायरीपर्यंत उतरलो. पाणी थंड होते. पहिल्या दिवशी घाई करू नये.

८ फेब्रुवारी

आज बुकिंग फोनवरून पक्के केले. (ऑफिसात मला पुन्हा बसू देतील असे वाटत नाही.) ती मुलगी एकेकाचे नाव विचारत गेली. माझे, मुलाचे, सूनबाईचे, चिमणीचे, आक्कांचे. प्रत्येक नाव मी अक्षर सोडवून सांगितले.

मग तिने विचारले, "आणि सहाव्या प्रवाशाचं नाव?"

नेमका त्या क्षणी मला चष्मा हवा होता. माहितीपत्रकावरचा केबिन क्रमांक वाचायचा होता. मी तोंड स्वयंपाकघराकडे वळवले आणि विचारले, "अगं?"

उत्तर आले नाही. अर्थातच.

फोनमधून आवाज आला, "अगं. असंच लिहू ना काका? श्रीमती? आडनाव तेच?"

मी म्हणालो, "हो."

चष्मा डोक्यावर होता.

१७ फेब्रुवारी

तिकिटे टपालाने आली. सहाही. पाचांवर बरोबर नावे. सहाव्यावर 'श्रीमती अगं', पुढे आपले आडनाव, आणि खिडकीची जागा.

माझ्या पेशाच्या माणसाने खरे तर ताबडतोब फोन करून ही चूक दुरुस्त करवून घ्यायला हवी. करीन.

दुसरी चूक त्याहून गंभीर. माहितीपत्रकात प्रस्थानाची तारीख २१ एप्रिल आहे, तिकिटावर मात्र १२ एप्रिल! आकड्यांची अदलाबदल. नवशिक्यांच्या हातून होणारी सर्वांत सामान्य चूक. ज्यांना प्रवाशाचे नाव धड लिहिता येत नाही त्यांच्या तारखेवर कोण विश्वास ठेवील? माहितीपत्रक मी स्वतः वाचले आहे. हिरव्या शाईने सहाही तिकिटांवर १२ खोडून २१ केले, समासात खूण केली, खाली सही.

तिकिटे कोणाला दाखवायची नाहीत असे ठरवले आहे. छपाई सुबक नाही. चहाच्या डब्याखाली ठेवली, जहाजाच्या वर.

२३ फेब्रुवारी

मुलगा म्हणाला, "बाबा, तिकिटांचे फोटो पाठवा ना, मी ऑनलाइन बघून घेतो एकदा." मी सांगितले की तिकिटे सुरक्षित आहेत आणि विषय माझ्या अखत्यारीतला आहे. त्याने साहेबाकडून वीस ते पंचवीस एप्रिल रजा मिळवली आहे. म्हणे मागताना सांगितले, "आईची इच्छा होती." हे त्याला कोणी सांगितले? मी तर तुझ्या त्या इच्छेविषयी कोणाशी बोललो नव्हतो.

म्हणजे तू त्यालाही सांगितले होतेस.

१ मार्च

बोट लागू नये म्हणून बागेतल्या झोपाळ्यावर सराव सुरू केला. फलक आहे: 'फक्त लहान मुलांसाठी'. मी वॉचमनला कारण समजावून दिले. तो म्हणाला, "बसा, पण साखळी जुनी आहे, सांभाळून." झोका मध्यम, डोळे मिटलेले, डोक्यात लिंगविचाराचे नियम. दहा मिनिटांत काहीही झाले नाही. समुद्र मला काही करू शकत नाही.

मागे मुलांची रांग लागली होती. एक चुणचुणीत कार्टी म्हणाली, "आजोबा, तुमचा नंबर कधीच संपला."

९ मार्च

पोहणे: गुडघ्यापर्यंत. प्रशिक्षक म्हणतो प्रगती आहे. मग तोंड फिरवून खोकला.

बो: जमत नाही. गाठ मारली की एक पंख वर, एक खाली. चिमणीने तिच्या वेणीच्या रिबिनीने स्वतःच्या मांजराला (कापडी) बो बांधून दाखवला. मांजर रुबाबदार दिसते. कॅप्टनसमोर तिलाच माझा बो बांधायला सांगणार आहे. ही तात्पुरती व्यवस्था.

१६ मार्च

बुकिंगवाल्या मुलीचे संदेश मोबाईलवर येऊ लागले. 'प्रिय प्रवासी, आपली सफर जवळ येत आहे, तयारि झालि का?' दोन्ही शब्दांत वेलांटी चुकीची. पुढे वाचवले नाही. असे संदेश न उघडता पुसून टाकण्याची सोय मोबाईलमध्ये असते, हे आज समजले. फार उपयुक्त.

२२ मार्च

आज घरी रंगीत तालीम घेतली. सर्वांना बोलावले, आणि अगं, सर्व आले. आक्कासुद्धा. हातात स्वतःची बॅग, वर लावलेले कुलूप. मी म्हणालो, निघायला अजून महिना आहे. त्या म्हणाल्या, "तुमचा काय भरवसा, इथूनच ढकलाल पाण्यात."

दिवाणखान्यात खडूने केबिन आखल्या. लाइफ जॅकेट म्हणून उशा बांधल्या. मुलाच्या पोटावर उशी बसेना. सूनबाई म्हणाली, "त्याच्याकडे अंगचीच आहे, त्याला नको." तो म्हणाला, "हसा, बुडताना मलाच धराल." धोक्याचा भोंगा चिमणीने वाजवला, म्हणजे ओरडली. खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले. मी शिस्तीत सर्वांना गच्चीवर नेले. आक्का तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझी क्रूझ झाली. आता मला चहा हवा."

चहा करायला त्या स्वतःच उठल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून पाहायला गेलो. हातात डबा, समोर फळी. तिकिटे आणि त्यांखालचा कागद. मला वाटले, आता बोलतील. त्यांनी फक्त तिकिटांच्या कडा सारख्या केल्या, डबा परत ठेवला, आणि पातेल्यात पाणी मोजू लागल्या.

ट्रेमध्ये कप सहा आले. आक्कांचे माप चुकले. मी दुरुस्त केले नाही. सहावा कप निवत राहिला, आणि सर्व जण उठायचे विसरले असावेत, कारण दिवे लागले तरी घरात होते.

तात्पर्य: योजना यशस्वी होत आहे. याचे श्रेय मी घेतो.

५ एप्रिल

पोहण्याचा संकल्प तात्पुरता स्थगित. जहाजावर लाइफ जॅकेट देतात, ते असताना पोहता येणे म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवणे.

नवीन सूटकेस घेतली. जुनी घ्यायची नाही असे ठरवले. तिच्या आतल्या कप्प्यात तुझी टाचण्यांची डबी आहे.

जुनीच नेतो आहे. चाके चांगली आहेत.

१२ एप्रिल

आज दिवसभर एका अनोळखी नंबरावरून फोन येत राहिले. अनोळखी फोन मी घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. दुपारी तर श्वास घेऊ देईनात. सायंकाळी पाच वाजता बंद झाले ते झालेच. लोकांत चिकाटी उरलेली नाही.

बाकी दिवस छान. बागेत झोपाळा मोकळा होता.

२० एप्रिल

सर्व सिद्धता झाली. शेजारच्या आजींना घराची किल्ली देऊन ठेवली. उद्या सकाळच्या बसने बंदराला, सायंकाळी पाचला जहाज. मुलगा, सूनबाई, चिमणी आणि आक्का आज इथेच झोपायला आले आहेत. घरात इतकी माणसे की दात घासायला रांग लागली. मी रांगेत शेवटी उभा होतो, पण तक्रार नव्हती.

चिमणीने विचारले, "आजोबा, आजीचं नाव काय होतं?" तिला 'आजी' एवढेच ठाऊक. मी म्हणालो, उशीर झाला, झोप आता.

उद्या आपण निघणार.

२१ एप्रिल

क्रमाने लिहितो.

दुपारी बंदरावर पोहोचलो. धक्क्यावर जहाज उभे. पांढरे, चार मजली. कागदावरच्यापेक्षा मोठे आणि थोडे मळके. मी म्हणालो, "पाहा." आक्का म्हणाल्या, "आहे बाई खरंच." चिमणी धावत सुटली.

परंतु धक्क्यावर प्रवासी नव्हते. दोन माणसे पाण्याचा पाइप घेऊन जहाजाचे अंग धूत होती. काउंटरवर टोपी घातलेला एक अधिकारी डबा खात होता. मी सहा तिकिटे त्याच्यापुढे ठेवली. त्याने हात पुसले, तिकिटे पाहिली, माझी हिरवी खूण पाहिली, मग मला पाहिले.

म्हणाला, "काका, तुमची बोट गेली."

मी म्हणालो, ती समोर उभी आहे.

"गेली आणि परतही आली. बाराला गेली, सोळाला आली. आता मेंटेनन्स. पुढची फेरी जूनमध्ये."

मी माहितीपत्रक उघडून २१ या आकड्यावर बोट ठेवले. त्याने आपल्या टेबलावरचे माहितीपत्रक उघडले. तिथे त्या जागी कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर १२. म्हणाला, "छापखान्याने चूक केली होती हो. नंतर बसून एकेका प्रतीवर चिकटवल्या त्यांनी. तुमच्याकडे ही जुनी कुठून आली?"

मी आधी म्हणालो की ऑपरेटरची चूक. मग म्हणालो, अंकांच्या टंकाचा दोष. मग मालकांना फोन लावला. मालक बराच वेळ 'हॅलो हॅलो' करत राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? त्या आठवड्यात तुम्ही कामावर आलात, समोर प्रूफ धरून बसलात, आम्ही सगळे तुमच्याकडे बघत होतो. एवढी एकच चूक सुटली तुमच्याकडून, हेच नवल. पट्ट्या आम्ही सगळ्यांनी मिळून लावल्या. ऑपरेटरच्या बायकोनेसुद्धा."

फोन ठेवला. मागे वळायचे धैर्य नव्हते. मुलाने एवढी धडपड करून रजा मिळवली होती.

तेवढ्यात टोपीवाला म्हणाला, "एक मिनिट, ह्या श्रीमती अगं म्हणजे तुमच्यातल्याच का? अहो, बाराला आम्ही केवढं पुकारलं! तुमचं कोणी फोन उचलेना. बाकीची नावं एकदा घेतली, पण यांची खिडकीची सीट, म्हटलं या तरी येतील. सगळ्या धक्क्यावर माइकवरून: 'श्रीमती अगं, श्रीमती अगं, जिथे असाल तिथून या, जहाज तुमच्यासाठी थांबलं आहे.' बंदरावरच्या झाडून सगळ्या बायका वळून बघत होत्या. दहा मिनिटं उशिरा सोडली बोट."

माझ्यामागे काहीतरी सांडल्यासारखा आवाज झाला. त्या आक्का होत्या. हसत होत्या. "भाऊजी! जन्मभर तिला हाका मारल्यात घरातल्या घरात, शेवटी माइक लावलात होय!" मग सूनबाई. मग मुलगा, तो हसत हसत सूटकेसवरच बसला, सूटकेसचे एक चाक गेले, तरी हसत राहिला. तो असा हसलेला मी त्याच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता. मीही हसलो असे नंतर मला सांगण्यात आले. डोळ्यांत पाणी आले ते समुद्राच्या वाऱ्याने.

टोपीवाला म्हणाला, "हे नाव आमच्याकडे अजून 'न आलेले प्रवासी' म्हणून पडून आहे. खरं नाव सांगा, म्हणजे काढून टाकतो."

चिमणी माझा हात धरून वर पाहत होती.

मी सांगितले. तुझे, माझे आणि आडनाव, या क्रमाने. स्वच्छ उच्चारात. पहिल्यांदाच. तुझे नाव तोंडाने म्हणायला किती लहान आहे.

"येणार आहेत का त्या नंतर?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

चिमणीने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. म्हणाली, "छान आहे की. लपवून का ठेवलं होतं?"

परतीच्या बसचे आरक्षण पंचवीसचेच. मुलगा म्हणाला, "बाबा, रजा आहे, माणसं आहेत, समुद्र आहे. बोट काय, ती इथून दिसते." धक्क्यासमोर खलाशांसाठी बांधलेले विश्रामगृह आहे. तिथल्या व्यवस्थापिकाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा खणखणवत विचारले, "आपण किती जण?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. सूनबाई सामान मोजू लागली.

मी म्हणालो, "आम्ही पाच."

बाई म्हणाल्या, "खोली एकच आहे रिकामी, सहा खाटांची. चालेल?"

चालेल, सर्व जण एकदम म्हणाले.

२२ एप्रिल

सहावी खाट खिडकीशी आहे. तिच्यावर सामान ठेवले. चिमणी म्हणाली, "बघा, सामानाला खिडकी मिळाली."

बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला जाणारी लाँच आहे. भाजीच्या पाट्या, सायकली, माणसे. सर्वांनी आग्रह धरला. मी झोपाळ्याच्या सरावाची माहिती दिली आणि सर्वांत पुढच्या बाकावर ताठ बसलो.

मध्यावर पोहोचण्याआधीच मला बोट लागली. पूर्णतः. लाँचच्या कठड्यावरून मी ओणवा, आक्का माझी मान धरून उभ्या, म्हणत होत्या, "काढा, सगळं काढा. व्याकरणसुद्धा." ज्यांना पाण्याची भीती वाटते त्या बाई पूर्ण फेरीभर माझ्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या. परत येताना त्याच लाँचने यावे लागले. दुसरा मार्ग नव्हता.

दुपारी लिंबू सरबत. मुलगा शेजारच्या खाटेवर आडवा पडून तुझ्या गोष्टी सांगत होता. त्यातल्या काही मला ठाऊक नव्हत्या.

२३ एप्रिल

काही लिहिण्यासारखे नाही. पत्ते खेळलो. मी हरलो. चिमणी पत्ते लपवते, ही खोड तुझ्याकडून.

आज कोणीही 'चला, निघतो आता' म्हणाले नाही. समुद्राची आवश्यकता नव्हती असे दिसते. खोली लहान असली की पुरते.

२४ एप्रिल

सकाळी खिडकीतून पाहिले तर जहाज धुऊन झाले होते, पांढरेशुभ्र. कॅप्टनच्या भोजनाचा बो सूटकेसमध्ये तसाच होता. चिमणीने तो माझ्या गळ्यात बांधला, दोन्ही पंख सारखे. तसाच चहा प्यायलो. बाईंनी चहा खोलीच्या मापाने आणला, सहा कप. मी एक परत पाठवला. मग आक्का म्हणाल्या, "असू द्या, मी दोन पिते."

जहाजाकडे पाहत सूनबाई म्हणाली, "जूनमध्ये बसायचं का बाबा हिच्यात?"

'हिच्यात'. पाहू, एवढेच म्हणालो.

२५ एप्रिल

बस वेळेवर आहे. सूटकेस मुलगा उचलून नेतो, कारण चाके तीनच. सहावी खाट रिकामी केली, चादर घडी घालून उशीवर ठेवली. माहितीपत्रक खिडकीत राहिले होते, ते तिथेच ठेवले, आकडा दुरुस्त करून.

आम्ही पाच जण बाहेर पडलो. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या बाईंना परत केल्या.